दीड तासाचं तं विमान आहे

आत्याचा फोन रविवारी सकाळी येतो. नागपूरला तिचे पोहे झालेले असतात, इकडे डोंबिवलीत माझा दुसरा चहा चाललेला असतो. गुडघे, शेजारच्यांचं बांधकाम, संत्र्याचा भाव असं सगळं झाल्यावर मधेच ती म्हणाली, "काहून येत नाही वो? दीड तासाचं तं विमान आहे." टोमणा नव्हता त्यात. घड्याळात किती वाजले ते सांगावं, इतक्या सरळ आवाजात बोलली. मी हसले, येते गं म्हटलं, फोन ठेवला. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. नंतर लक्षात आलं की इतक्या वर्षांत "चौदा तासांची तं गाडी आहे" असं कुणीच आम्हाला म्हटलं नव्हतं. चौदा तास आमच्या बाजूचे होते. लांब राहणाऱ्या माणसाला न येण्याचा एक मान असतो. तो मान त्या दीड तासाने काढून घेतला.

दीड तास म्हणजे तरी किती? नोकरीला होते तेव्हा डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग पाच-दहा मिनिटं पायी, एवढ्यात रोज दीड तास जायचा. जाताना एकदा, येताना एकदा. त्याला प्रवास म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. आत्याच्या गावात मात्र दीड तासात माणूस वर्ध्याला पोहोचून पाहुण्यांकडे चहा पितो. नागपुरात कुठूनही कुठेही जायला वीस मिनिटं लागतात, आणि पंचवीस लागली तर "आज लय गर्दी होती बाप्पा" असं घरी येऊन सांगितलं जातं. म्हणजे दीड तास हे अंतर तिच्या हिशोबाने खरं तर मोठं होतं. तरी मुंबईच्या बाबतीत तिने ते 'तं' लावून इतकंसं करून टाकलं.

मला आकड्यांची खोड आहे. त्या दुपारी नकाशा काढून बसले. मुंबई ते नागपूर, विमानतळ ते विमानतळ सरळ रेषा धरली तर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो मुंबईत येत नाही, भिवंडीजवळ आमण्याला संपतो; तिथून पुढची मुंबई ज्याची त्याने गाठायची. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास चालतं. म्हणजे नुसत्या भागाकाराने ५१ मिनिटं. तिकिटावर छापलेले असतात दीड तास किंवा पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. आणि विमानात बसल्यावर वैमानिक घोषणा करतो की आजचा उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटं. एकाच प्रवासाचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे.

तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा नसतोच. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचा तो काळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं येतं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत थांबणं येतं, आणि कंपन्या वर थोडी पुरवणीही जोडून ठेवतात, म्हणजे पंधरा मिनिटं उशीर झाला तरी विमान कागदावर वेळेत पोहोचतं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सगळी रांग त्या एकीवर. शिवाय गंमत अशी की नागपूर पूर्वेला, आणि मुंबईहून विमान बहुतेक वेळा उडतं पश्चिमेकडे तोंड करून. जुहूवरून थेट समुद्रावर. खिडकीतून मच्छीमारांच्या होड्या दिसतात, पाण्यावर उन्हाचा पट्टा दिसतो, आणि विदर्भात निघालेला माणूस क्षणभर अरबस्तानाच्या दिशेने चाललेला असतो. मग विमान एका पंखावर कलतं, वळतं, आणि जे शहर नुकतं सोडलं त्याच्याच अंगावरून परत जातं. हे वळण मला आवडतं. शेजारच्या सीटवरचे बहुतेक लोक एव्हाना झोपलेले असतात.

वर चढायला वीस मिनिटं, उतरायला जेमतेम पंचवीस, म्हणजे आडवं सरळ उडणं उरतं वीसच मिनिटांचं. पाण्याच्या बाटल्या वाटून होतात न होतात तोच कचरा गोळा करणारी पिशवी येते. तेवढ्यात खाली छत्रपती संभाजीनगर येऊन गेलेलं असतं. सरळ रेषा जवळजवळ त्याच्या डोक्यावरूनच जाते. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली आणि उजवी खिडकी मिळाली तर पुढे लांबवर लोणारचा खड्डा दिसतो. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर वरून बशीएवढं दिसतं. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना दाखवला. त्यांनी मान लांब करून पाहिलं, "हो का" म्हणाले आणि पुन्हा फोनमधल्या तक्त्यात शिरले.

आणखी एक गोष्ट आहे, ती जाण्यायेण्याच्या वेळा नीट पाहिल्या की कळते. हिवाळ्यात महाराष्ट्रावरून, त्या पस्तीस हजार फुटांवर, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि कधी कधी तो ताशी शंभर किलोमीटरच्या घरातही असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. सहाशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात त्याने आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात वरचे वारे फिरतात, मग हिशोब उलटू लागतो. येताना पुढे मुंबईची गर्दी असतेच. उतरायला परवानगी मिळेपर्यंत विमान घिरट्या घालत राहतं, आणि खाली कल्याणच्या आसपासचे डोंगर दुसऱ्यांदा दिसले की जाणकार प्रवासी सुस्कारा सोडतात. मला त्या घिरट्यांत कधी कधी स्वतःचं घर खाली असल्यासारखं वाटतं. उतरून पुन्हा तिथवर यायला दोन तास लागणार असतात. सांगायचं ते हे, की अंतर दोन्ही बाजूंनी सारखं असतं ही भूमितीतली गोष्ट झाली. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून नागपूर हे दोन वेगवेगळे प्रवास आहेत, आणि यात वाऱ्याचा वाटा सगळ्यात लहान आहे.

लहानपणी आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने जायचो. कल्याणला बसायचं. बाबा दुपारपासून अस्वस्थ, आई दशम्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधणारी, मी आणि भाऊ वरच्या बर्थसाठी आधीपासून भांडणारे. संध्याकाळ उतरताना गाडी यायची. कसाऱ्याला थांबली की मागून धक्का बसायचा, बाबा म्हणायचे, "बँकर लागलं." घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं. मग अंधारात बोगदे, बोगद्यात शिरताना कान बंद, बाहेर आल्यावर दरीतला गार वारा. इगतपुरीला पुढचं इंजिनही बदलायचं, कारण तिथवर विजेचा प्रकार वेगळा होता; तेवढ्या थांब्यात वडे यायचे, इतके तिखट की डोळ्यांतून पाणी आणि हातात पुन्हा पैसे. भुसावळ झोपेत जायचं. नुसता आवाज यायचा, चाय, केळी, आणि कुणाचं तरी सामान खिडकीशी आपटल्याचा.

नकाशावर पाहिलं तर भुसावळ आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. गाडी आधी खानदेशात इतकी वर चढते आणि मग बडनेरा, वर्धा करत थोडी खाली उतरून पुन्हा वर नागपूरला जाते. जे दीडशे किलोमीटर विमान वाचवतं ते असे या वळणावाकणांत सांडलेले आहेत. पण लहानपणी कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की नागपूर बडनेऱ्यापासूनच सुरू होतं. उजेड व्हायचा तो तिथे. बाहेर काळी जमीन, पऱ्हाटीची शेतं, लिंबाची एकटी झाडं. डब्यात चढणाऱ्या माणसांची बोली बदललेली असायची आणि बाबांचीही. कल्याणला "कशाला" म्हणणारा माणूस वर्धा यायच्या आत "काहून" म्हणू लागायचा. त्यांना स्वतःला ते कळायचं नाही. आई आमच्याकडे बघून डोळे मिचकवायची. हे व्हायला एक रात्र लागत असे. विमानात बाबांना ते जमलं असतं का, मला शंका आहे. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभे असतानाही ते डोंबिवलीचेच राहिले असते.

आणि एवढं जाऊन कुणी दोन दिवसांत परत येत नसे.

हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. चौदा तास बसून गेलेल्या माणसाला महिनाभर राहायचा हक्क असायचा. मे महिना आत्याकडे जायचा. कूलरमध्ये पाणी भरणं, गच्चीवर गाद्या टाकणं, सकाळी तर्री पोहे, एखाद्या दिवशी वडाभात, लग्न कुणाचंही असो त्यात जेवायला जाणं. आता मी जाते ती शनिवारी पहाटेच्या विमानाने आणि येते रविवारी रात्री. तेवढ्यात आत्या महिनाभराचं खाणं कोंबायला बघते. सांबारवडी नाश्त्याला, पाटवडी रस्सा जेवायला, संध्याकाळी गोळाभात, आणि मी दुसऱ्या घासालाच हरलेली. प्रवास लहान झाला तसा मुक्कामही लहान झाला, आणि मुक्काम जास्त वेगाने लहान झाला. चौदा तासांचा दीड तास म्हणजे नऊ-दहा पट कमी. महिन्याचे दीड दिवस म्हणजे वीस पट. मी हे आत्याला ऐकवलं तर ती म्हणाली, "मंग रेल्वेनं ये."

आतोबा असते तर यावर नक्की काहीतरी बोलले असते. ते रेल्वे डाक सेवेत होते आणि तरुणपणी काही काळ नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रपाळीला जायचे. नागपूरच्या जुन्या माणसांना ती गोष्ट सांगायला नको, पण मुंबईत कुणाला ठाऊक नसते. १९४९च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र जमायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, काही प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात बसायचे, आणि उजाडायच्या सुमारास चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळायचं. सुरुवातीला डकोटा विमानं होती. त्यांच्या वेगाने मुंबई-नागपूरला अडीच-तीन तास लागायचे. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली.

आतोबा हे सांगताना हातांनी सांगायचे. दोन्ही हात पसरून चार दिशा दाखवायचे आणि मधे टेबलावर बोट ठेवायचे. "देशाचा मध्य," ते म्हणायचे. झिरो माइलचा दगड आणि त्याशेजारचे घोडे दाखवायला तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नेलं जायचं. पण आकडे काढून पाहिले तर मध्य म्हणजे सगळीकडून सारखं नव्हे. नागपूरहून मुंबई ६८०, दिल्ली साडेआठशे, चेन्नई नऊशेच्या वर, कोलकाता जवळजवळ हजार. चौघांत मुंबई सगळ्यात जवळची. आतोबा म्हणायचे मुंबईवाले सगळ्यात आरामात यायचे आणि सगळ्यात जास्त घाई करायचे. खरं असेल नसेल, पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की खरंच असावं. थंडीच्या रात्री, कंदिलासारखे दिवे, चार विमानं ओळीने उभी, थैल्या ओढणारी माणसं, चहाची किटली, आणि त्या थैल्यांत देशभरातल्या लोकांच्या तब्येती, परीक्षांचे निकाल, लग्नाची बोलणी. नागपूर त्या चार तासांत कुणाचंच शेवटचं ठिकाण नसायचं, आणि तरी सगळ्यांना तिथे यावंच लागायचं.

आजही देशावरून जाणारी कितीतरी विमानं नागपूरच्या डोक्यावरून जातात. फक्त उतरत नाहीत. विमानतळाला लागून मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा मिहान प्रकल्प आला तेव्हा पुन्हा तेच स्वप्न रंगवलं गेलं होतं, की सगळा माल इथे येईल, इथून चारी दिशांना जाईल. काही झालं, विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र आलं, मोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, माझा एक भाचा तिथे नोकरीलाही आहे. पण १९४९ साली जे चार डकोटांनी रोज रात्री करून दाखवलं, तसं काही मला तरी अजून दिसलेलं नाही. आत्याच्या घरी मात्र या विषयावर तोंड उघडायची सोय नाही. तिथे मिहान हा घरातला हुशार पण आळशी मुलगा आहे. त्याला आपण बोलायचं, बाहेरच्यांनी नाही.

मी बाहेरची आहे की नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मागे मी आत्याला म्हटलं, तूच ये की इकडे. दीड तासच आहे ना? तिकडे घरचं कुणीतरी विमानतळावर सोडेल, इकडे मी घ्यायला येते, चाकाची खुर्ची मिळते, काही चालावं लागत नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "अबाबा, मुंबई लय लांब आहे." मला आधी वाटलं ती माझी फिरकी घेते आहे. पण नाही, मनापासून म्हणाली होती. तिचं नागपूर मला दीड तासावर आहे आणि माझी मुंबई तिला लय लांब आहे, आणि यात तिला काही विसंगत वाटत नाही. पुढे विचार करताना मलाही वाटेना. मी नागपूरला जाते म्हणजे माहेरच्या माहेरी जाते, तिथल्या गल्ल्या मला पाठ आहेत, रिक्षावाल्याला रस्ता मी सांगते. ती मुंबईला येणार म्हणजे कुठे? पंधराव्या मजल्यावरच्या घरात, जिथे दार लावून बसायचं आणि शेजारच्यांचं नाव माहीत नाही. या अंतराला वेळापत्रक नाही.

त्यात तिच्या पिढीचं आणखी एक दुखणं आहे. १९५६ पर्यंत नागपूर स्वतः राजधानी होतं, आधी मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. आत्या तेव्हा शाळेत होती. सचिवालय, विधानसभा, मंत्र्यांच्या गाड्या, सगळं घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका रात्रीत राजधानीचं अंतर काही फर्लांगांवरून आठशे किलोमीटरवर गेलं. आतोबा म्हणायचे, मी कुठे हललो नाही, राजधानी हलली. त्यांना मुंबईबद्दल राग होता असं नाही. पण कुठलीही फाईल अडली, कुठलाही दाखला लांबला, की ते मुंबईच्या दिशेने, म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीकडे, हात करायचे. त्याआधी १९५३ सालच्या नागपूर कराराने ठरलं होतं की विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन तरी नागपूरला भरेल. म्हणून डिसेंबरात सरकार सहाशे-सातशे किलोमीटर प्रवास करून येतं. कधी दोन आठवडे, कधी तेवढेही नाही. आत्याचा यावरचा शेरा असा, की हुरडा खायला येतात आणि हुरडा संपला की जातात. तिच्या बोलण्यात मला माझ्या शनिवार-रविवारचाही उल्लेख ऐकू येतो, पण ती तसं म्हणत नाही.

त्या दिवसांतलं मुंबई-नागपूर विमान एकदा तरी अनुभवावं. पांढरे कपडे, काळी जाकिटं, फायलींच्या पिशव्या सांभाळणारे स्वीय सहायक, मधल्या सीटवर अडकलेला एखादा बातमीदार. पुढच्या रांगेतला माणूस मागच्या रांगेतल्या माणसाला नमस्कार करायला उभा राहतो, मग तो तिसऱ्याला, आणि हवाई सुंदरी बसा हो बसा म्हणत फिरते. वारा पाठीशी असल्याने हे विमान वेळेआधी पोहोचतं. सगळे एकदम उठतात, एकदम फोन लावतात, आणि पोहोचलो म्हणून सांगतात. परतीच्या विमानात, म्हणजे अधिवेशन संपण्याच्या आदल्या दिवशी, जागा मिळवायला मंत्र्यांची ओळख लागते असं म्हणतात. भाडं पाहिलं की त्यावर विश्वास बसतो.

यंदा मला डिसेंबरातच जायचं आहे, कारण आत्याच्या नातवाच्या साखरपुड्याचं ठरतंय. भाऊ म्हणतो समृद्धीने गाडीने जाऊ, आठ तासांत पोहोचतो, आणि आमणं डोंबिवलीहून जवळच आहे. हिशोब केला तर त्याचं अगदीच चुकत नाही: घर ते विमानतळ दीड-दोन तास, तिथे आधी पोहोचायचे दोन, विमानाचे दीड, उतरून घरी पोहोचायचा अर्धा, असे विमानाचेही सहा तास होतातच. फक्त त्याच्या शेजारी बसून ताशी एकशेवीसच्या वेगाने सरळ सपाट रस्ता आठ तास बघत बसायची माझी तयारी नाही. आत्याचा निरोप आलाय की अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय तिकीट काढू नको, नाहीतर नेमकी त्यांच्यात सापडशील. तारखा अजून जाहीर नाहीत, भाडं रोज चढतंय, साखरपुडा नक्की झालेला नाही. मी विदर्भ एक्स्प्रेसचं पाहिलं. वेटिंग लिस्ट ८४.